नवं ईसीजी मशीन आणि दोऱ्याच्या गाठी

“इतकं सोपं आहे मॅडम, बटण दाबलं की झालं. कोणीही चालवू शकतं,” असं तो म्हणाला तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन आत येत होते.

तो म्हणजे सांगलीहून आलेला मशीन विकणारा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि पायाशी दोन खोकी. एका खोक्यात लहान ईसीजी मशीन, दुसऱ्यात मोठं. त्यातलं एक आमच्या दवाखान्यात राहणार होतं, दुसरं परत जाणार होतं. मला आपलं वाटत होतं, यातलं कुठलंही राहिलं तरी आपल्यालाही परत जावं लागणार. कुठं, ते मात्र सुचत नव्हतं. ‘कोणीही’ हा शब्द त्यानं सहज वापरला होता. पण कवठे महांकाळच्या या दवाखान्यात गेली वीसेक वर्षं ईसीजी कोणीही काढत नव्हतं, मी काढत होते. आणि ते काम सोडलं तर या गावात मला दुसरी ओळखच नव्हती. बाजारात बायका मला ‘छातीची पट्टी काढणारी’ म्हणूनच हाक मारायच्या.

मी मूळची खंडाळ्याकडची. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी हायवेच्या पलीकडं. अब्बा म्हणाले, ट्रकांच्या रस्त्यातून पोरगी रोज दोनदा जाणार-येणार, माझ्या जिवाला तेवढा घोर नको. संपली शाळा. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, त्यामुळं इंग्रजीचं पुस्तक हातात यायच्या आधीच मी घरी बसले. मराठी मात्र सोडलं नाही. पुडीचा कागद असो, जुना दिवाळी अंक असो, मिळेल ते वाचत राहिले. लग्न झालं ते बोअर पाडायच्या गाडीवर काम करणाऱ्याशी. जमीन जिथं कोरडी तिथं त्याचं काम, म्हणून आम्ही इकडं आलो. गाडी कर्नाटकात उतरली की तो तीन-तीन आठवडे यायचा नाही. माझं माणूस म्हणावं असं इथं कुणी नव्हतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, दवाखान्यात झाडलोटीला बाई हवीय.

तर मी झाडू मारायला लागले. आमचे डॉक्टर तेव्हा भरात होते. त्यांची मुलगी सहा वर्षांची होती, दुपारी शाळेतून येऊन पेशंटच्या बाकावरच झोपायची. तिला उचलून आत नेणं हे माझं पहिलं बिनसांगितलेलं काम. एकदा एक म्हातारी आली, छातीत कळ येतेय म्हणून. कंपाउंडर पुरुषमाणूस. म्हातारी पदराला हात लावू देईना. “मरू द्या मला, पर बाप्याम्होरं उघडी व्हायची न्हाई.” डॉक्टरांनी पडद्याबाहेर येऊन मला हाक मारली, “पोरी, हात धू आणि आत ये.”

मी चादरीखाली हात घातला आणि डॉक्टर पडद्याबाहेरून सांगत गेले. मानेच्या खालचं हाड सापडलं का? आता बोट खाली आण. एक फासळी, एक खोबण. चौथ्या खोबणीत थांब. म्हातारी म्हणाली, “बाई, हात लय गार हाय तुझा.” तेवढंच बोलली आणि गप पडून राहिली. त्या दिवसापासून थंडीच्या दिवसांत मी आधी चहाचा गरम पेला हातात धरते, छातीला लावायच्या जेलीची ट्यूबही गरम पाण्याच्या वाटीत ठेवते.

पुढं डॉक्टरांनी मला सगळंच शिकवलं. लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. “सिग्नल असतो ना चौकात, तसा क्रम लक्षात ठेव,” म्हणायचे. सिग्नल मी तोवर पाहिलेला नव्हता, पण मान हलवली. छातीला तारांच्या टोकाचे सहा रबरी फुगे चिकटवायचे असतात, ते सगळे सारखे. चादरीखाली रंग दिसत नाहीत. म्हणून मी प्रत्येक तारेला काळा दोरा बांधला आणि त्याला गाठी मारल्या. पहिल्या तारेला एक, दुसऱ्या तारेला दोन, अशा सहापर्यंत. बोटांनी गाठी चाचपल्या की झालं. बाईचा पदर जागचा हलायचा नाही. बांगड्या उतरवायला लागायच्या नाहीत, कोपराकडं सरकवल्या की पुरे. मंगळसूत्र नुसतं बाजूला सारायचं.

लोक विचारायचे, हे दोरे कसले? मी सांगायचे, नजर लागू नये म्हणून. गाठी मोजून काम करणारी बाई म्हटलं, तर भरवसा कोण ठेवणार? लोकांना पटायचंही. मुसलमानाच्या बाईनं बांधलाय म्हणजे कुठल्या तरी दर्ग्यावरचा गंडा असणार, असं ते आपलं आपण ठरवायचे. काही जण त्या दोऱ्याला हात लावून नमस्कारही करायचे.

ते जुनं मशीन एका वेळी एकच रेघ काढायचं. लांबलचक पट्टी बाहेर यायची. ती कात्रीनं कापायची आणि पुठ्ठ्यावर डिंकानं ओळीनं बारा तुकडे चिकटवायचे. हे काम डॉक्टरांनी माझ्याकडंच दिलं होतं. चिकटवता चिकटवता डोळ्याला सवय झाली. चौथ्या तुकड्यावर बोट ठेवून डॉक्टर एकदा म्हणाले होते, “इथं रेघ कायम खाली मान घालून असते. आमदाराची असो, हमालाची असो. ती ताठ उभी दिसली तर पेशंटकडं बघू नकोस. आधी तू लावलेल्या तारा बघ.” पेशंटसमोर ते मला ‘सिस्टर’ म्हणायचे. मी सिस्टर नव्हते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, कोण आलंय म्हणून.

आता डॉक्टर थकले. हात थरथरतो, ऐकायलाही कमी येतं. ती बाकावर झोपणारी मुलगी मिरजेहून डॉक्टर होऊन आली आणि तीच दवाखाना बघते. मी तिला डॉक्टरताई म्हणते, ती मला मावशी म्हणते. जुन्या मशीनची पट्टी फोनवर फोटो काढून मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवली की ते म्हणायचे, काही दिसत नाही. त्यात कागदाचे रोल मिळेनात. दुरुस्ती करणाऱ्यानं तर हातच जोडले. “मावशी, हिला आता शोकेसमधी ठेवा आन उदबत्ती लावा.”

मशीनवाला यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करताना डॉक्टरताई म्हणाली, “बाबांना विचारलं कुठलं घेऊ, तर म्हणाले, चालवणार ती, तिला विचार. तर मावशी, तुम्हीच ठरवायचं.”

मी “व्हय” म्हटलं. घरी येऊन अम्मीला खंडाळ्याला फोन लावला.

“तुला विचारलं म्हंजी मान दिला. घाबरतीस कशाला?” अम्मी म्हणाली.

“अम्मी, मशीन सगळं इंग्रजी हाय म्हणं.”

“मग? आजवरचं काय उर्दू हुतं?”

अम्मीला काय सांगणार! आजवरच्या मशीनवरची अक्षरं स्पिरिटनं पुसून कधीच गेली होती. मी रंगावर आणि गाठींवर चालवत होते, आणि हे अख्ख्या दवाखान्यात कुणी कधी विचारलं नव्हतं.

तरी मी प्रश्न तयार करून ठेवले होते. चहा ठेवला आणि त्या सांगलीवाल्याला विचारलं, लाइट गेल्यावर किती वेळ चालतं? कागद सांगलीत मिळतो का मुंबईहून मागवायचा? फुगा फाटला तर सुटा मिळतो का पूर्ण सेट घ्यायचा? तो माझ्याकडं न बघता डॉक्टरताईला उत्तरं देत होता. लहान मशीन तीन-तीन रेघा काढायचं. मोठं एका दमात बाराच्या बारा काढायचं, एकाच कागदावर, एकाखाली एक. शिवाय वरती स्वतःच छापायचं, पेशंटला काय झालंय ते.

“आन मग डॉक्टर काय करणार? घरी झोपणार?” हा आवाज बाकावरून आला. आमचे सुभेदार. रिटायर होऊन द्राक्षबाग बघणारे, दर महिन्याला बीपी तपासायला येणारे. खरं तर बीपीपेक्षा गप्पांसाठीच येणारे. “मॅडम, ट्रायलला माणूस पायजे असंल तर माझ्यावर करा. बॉर्डरवर हुबा ऱ्हायलोय, तुमच्या खोक्याला भितोय व्हय?”

“सोडा शर्टाची बटणं मग,” डॉक्टरताई हसली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी एक पोर घेऊन आलं, कपाळ फुटलेलं. ती टाका घालायला गेली. ती निघाली तसा मशीनवाला तिला म्हणाला, “मावशींनाच लावू द्या मॅडम. म्हणजे कळेल तुम्हाला, किती सोपं आहे ते.” आणि तो लहान मशीनमध्ये कागद भरायला पलीकडं वळला.

मी मोठ्या मशीनच्या तारा सोडवल्या. छातीच्या तारांवर आकडे होते, आकडे मला येतात. हातापायाचे चार चिमटे बघितले आणि परत एकदा बघितले. पिवळा नव्हताच. लाल होता, हिरवा होता, काळा होता आणि एक पांढरा.

चिमट्यांवर अक्षरं होती. दोन-दोन. एक अक्षर म्हणजे उभी काठी आणि तिच्या पायाशी आडवी काडी. एकाला वर पोट आणि खाली तंगडी. एक तंबूसारखं. मी त्यांच्याकडं बघत राहिले, जसं काही बघत राहिलं की ती बोलतील.

विचारता आलं असतं. मशीनवाला दोन हातांवर होता. पण त्यानं आत्ताच सांगितलं होतं, कोणीही चालवू शकतं. जे कोणालाही येतं ते मला येत नाही, हे तोंडानं कसं म्हणायचं?

म्हणून मी हिशेब घातला. लाल उजव्या हाताला, त्यात शंका नाही. हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय, तेही पक्कं. उरला डावा हात आणि उरला पांढरा. कंपनीला पिवळा रंग मिळाला नसेल.

“आवं, हात ढिला सोडा सुभेदार.”

“सोडला की. सलूट मारू का झोपून?”

“बोलू नका. रेघ हलती.”

बटण दाबलं. खरंच एका दमात कागद बाहेर आला. सुभेदारांनी झोपल्या झोपल्याच हात लांब करून तो घेतला. पलटणीत इंग्रजी शिकलेले. वरची छापील ओळ ते मोठ्यानं वाचायला लागले, “ॲब... नॉर्मल... ईसीजी. फुडं काय हाय, इन्फा... इन्फार्क्ट.” आणि थांबले. हार्ट अटॅकचा तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या एका दोस्ताच्या मिरजेच्या कागदावर तो होता, आणि तो दोस्त आता नव्हता.

डॉक्टरताई हात पुसत आत आली. कागद घेतला, वरची ओळ वाचली. कपाळाला आठी पडली.

“काका, छातीत कधी दुखलं होतं?”

“दिवाळीत दुखलं हुतं जरा. चकल्या लय झाल्या हुत्या म्हणून...”

“घाम आला होता?”

“चुलीम्होरं बसलो हुतो. घाम येणारच की.” आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. “आयतवारी लेकीचा साखरपुडा हाय ओ. तेवढा हूं द्या. घरात सांगू नका कुणाला.”

“आजच मिरजेला जाऊन तपासून घेऊ या. घाबरू नका. जुनं काहीतरी दिसतंय.”

“बघा मॅडम,” मशीनवाला खुशीत म्हणाला, “जुन्या मशीनवर हे कळलं तरी असतं का?”

मी सुभेदारांच्या छातीवरचे फुगे काढले होते, जेली पुसली होती. हातापायाचे चिमटे अजून तसेच होते. ते उठून बसले आणि शर्टाची बटणं लावू लागले. पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं. डॉक्टरताईच्या हातातला कागद माझ्या बाजूला कलला होता. मी वरून मोजलं. एक, दोन, तीन, चार.

चौथी ओळ ताठ उभी होती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, गप बस. मिरजेला जातील, तिथं दुसरा ईसीजी काढतील, सगळं नीट निघेल, मशीनवर खापर फुटेल. चुकीची तार कुणी लावली ते कुणाला कळणार नाही. हे मशीन परत जाईल आणि मी राहीन. सुभेदारांचं दुसरं बटण लागलं. मिरजेपर्यंतच्या रस्त्यात हा माणूस काय काय विचार करत जाईल, हेही मनात आलं. तिसरं बटण लावताना त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उगाच हसले. मला धीर द्यायला. मला!

“बटणं काढा परत,” मी म्हटलं. “डॉक्टरताई, थांबा. चौथी ओळ बघा. उभी हाय.”

तिनं बघितलं. कागद जवळ धरला, मग सुभेदारांचे हात बघितले, मग पाय. तिचे कान लाल झाले. लहानपणी खोटं सापडलं की व्हायचे तसे.

“पांढरी डाव्या हाताला? मावशी, यावर लिहिलंय ना—”

“मला ती अक्षरं येत न्हाईत.”

मशीनवाला पुढं झाला. “मॅडम, माझीच चूक. ही केबल अमेरिकन रंगांची आहे. त्यांच्यात पांढरा उजव्या हाताला आणि लाल डाव्या पायाला असतो. सांगायचं राहिलं माझं.”

“सगळे रंग फिरलेत?”

“चारही.”

डॉक्टरताईनं एकेक चिमटा काढून माझ्या हातात दिला आणि कुठं लावायचा ते सांगत गेली. स्वतः लावला नाही. मी फुगे परत लावले, बटण दाबलं आणि दुसरा कागद बाहेर आला. चौथी ओळ खाली मान घालून होती. वर छापलेलं ‘नॉर्मल’ सुभेदारांनी तीनदा वाचलं.

“म्हंजे मी जित्ता हाय?”

“लय जित्ते हाय तुमी,” मी म्हटलं.

“मग त्या चकल्याच हुत्या म्हणायच्या!” आणि ते इतके मोठ्यानं हसले की बाहेर टाका घातलेलं पोर परत रडायला लागलं.

ते गेल्यावर डॉक्टरताई खुर्चीत बसली. मी तशीच उभी. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं विचारलं, “मग त्या छातीच्या तारांचे दोरे? ते नजरेसाठी ना?”

“गाठी मोजते मी. चादरीखाली दिसत न्हाई म्हणून.”

“नजरेसाठी नाहीत?”

“न्हाईत.”

“मावशी!” ती ताडकन उठली. “मी दहावीच्या प्रत्येक पेपरच्या आधी त्या दोऱ्याला हात लावून गेले! बारावीलासुद्धा!”

“आणि मला वाटत होतं, पोरगी अभ्यासानं पास झाली,” दारातून आवाज आला. डॉक्टर काठी टेकत येऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ताईनं विचारलं, “बाबा, तुम्ही कुठपासून ऐकताय?” तर म्हणाले, “ऐकू कमी येतं मला. पण तू आधी छापलेलं वाचलंस आणि रेघा नंतर बघितल्यास, एवढं दिसतं अजून.” ताई खाली बघायला लागली. आता तिघांत दोन माना खाली होत्या.

मी म्हटलं, “डॉक्टर, मी हे आधी सांगायला पायजे हुतं. तुमी दुसरी कुणी शिकलेली बघा. मी झाडलोट करीन.” खरं तर झाडलोटीलाही आता मशीन आलंय म्हणतात.

डॉक्टर मुलीकडं बघत राहिले. दवाखाना आता तिचा होता. ताई माझ्याकडं वळली आणि जरा चिडूनच म्हणाली, “ते नंतर. मी तुम्हाला काल एक काम दिलं होतं. कुठलं मशीन घ्यायचं? ते अजून सांगितलं नाहीत.”

लहान मशीनच्या तारा माझ्याच रंगांच्या होत्या, हे सुभेदार गेल्यावर उघड्या खोक्यात मला दिसलं होतं. लाल, पिवळा, हिरवा, काळा. त्यात माझी जागा जशीच्या तशी राहत होती. मी तोंड उघडलं तेव्हा मला तेच म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढं ती पहिली म्हातारी आली, आणि तिच्यानंतरच्या सगळ्या. चादरीखाली श्वास धरून, छताकडं बघत, कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या.

“मोठं घ्या,” मी म्हटलं. “एका दमात काम हुतं. बायकांना लय वेळ पडून राहायला लागणार न्हाई. फोटो पण मिरजेला नीट दिसंल. फक्त...”

“फक्त काय?”

“ते वरचं छापलेलं बंद हुतं का? पेशंटच्या हातात आधी कागद गेला की माणूस वाचूनच मरतंय.”

“होतं बंद,” मशीनवाला म्हणाला. या वेळी माझ्याकडं बघून.

“आणि केबल बदलून आणा,” ताई त्याला म्हणाली. “आमच्या रंगांची. पिवळी असलेली. ती आणल्याशिवाय मशीन ठेवून घेणार नाही.”

‘आमच्या’ म्हणाली. मी कप उचलून आत गेले आणि नळ सोडून उगाच बराच वेळ कप धूत बसले.

केबल यायला आठवडा लागला. साखरपुडा नीट पार पडला. तेवढ्या दिवसांत सुभेदार दोनदा येऊन गेले, बीपी न तपासताच. एकदा पेढे घेऊन आणि एकदा त्या चिमट्यांवरची अक्षरं कागदावर काढून मला शिकवायला. “लेफ्ट-राइट तर ऐकलंय न्हवं कवा तरी? काठी आन पायाशी काडी, ती एल. एल म्हंजे लेफ्ट, डावा. पोट आन तंगडी, ती आर. राइट. आता दुसरं अक्षर बघा. तंबू असला की हात, परत काठी-काडी असली की पाय. हुबं ऱ्हाऊन म्हणा.”

“बसून म्हटलं तर चालंल की.”

“पलटणीत बसून शिकिवत न्हाईत.”

मी उभी राहून म्हटलं. बाकावरच्या दोन बायकाही माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. एकीनं विचारलं, ह्ये कशाचं हाय? दुसरी म्हणाली, मशीनचा मंतर असंल. डॉक्टर आतून म्हणाले, “आवाज वाढवा, मला ऐकू येईना.” संध्याकाळी अम्मीला फोनवर चारही जोड्या म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, “अब्बा असते तर हायवेवर पूल बांधला असता त्यांनी.”

मशीनवाला केबल घेऊन आला त्या दिवशी मी काळा दोरा आणून ठेवला होता. ताई कात्रीनं तुकडे करून देत होती आणि मी गाठी मारत होते. चौथ्या तारेपाशी ती म्हणाली, “ही मी बांधते.” तिची गाठ डॉक्टरी निघाली, टाक्यासारखी घट्ट. बोटाला वेगळीच लागते. आजही चादरीखाली ती हाताला आली की मला कळतं, ही तिची.

मशीनवाला कागदावर काहीतरी भरत होता. “ट्रेनिंग कुणाला द्यायचंय?” त्यानं विचारलं. ताईनं माझ्याकडं बोट केलं. तो सवयीनं सुरू झाला, “काही नाही मावशी, एकदम सोपं आहे, बटण दाबलं की झालं, को—” आणि थांबला. पेन तसंच हवेत राहिलं.

“शर्ट काढा आन झोपा हितं,” मी म्हटलं.

“मी?”

“मशीन नीट चालतंय का बघायला नको?”

तो झोपला. जेली गरम केलेली होती, तरी अंग आकसून घेत होता. बोलू नका, रेघ हलती, असं सांगून मी चिमटे लावले. लाल, पिवळा, हिरवा, काळा. लावताना वरची अक्षरंही वाचली, मनातल्या मनात, उभी होतेच. मग फुगे लावले, गाठी चाचपून, डोळे मुद्दाम खिडकीकडं ठेवून. बटण दाबलं. कागद आला. मी वरून मोजलं.

चौथी ओळ खाली मान घालून होती.

“उठा,” मी म्हटलं. “चांगलं हाय. ठेवा मशीन.”